हायकोर्टात जायचं, पण कोणता प्रश्न घेऊन?

मिरज तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकांचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्यांची अडचण इथे देते.

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीजवळची वडिलोपार्जित जमीन त्यांनी आणि पुण्यात स्थायिक झालेल्या थोरल्या भावाने जून २०१४ मध्ये विकली. शेतजमिनीवर कर नसतो असं समजून दोघांनीही हा व्यवहार विवरणपत्रात दाखवला नाही. मार्च २०२१ मध्ये नोटीस आली. जमीन महापालिकेच्या हद्दीपासून हवाई अंतराने सव्वापाच किलोमीटरवर आहे, म्हणून विक्रीचा नफा करपात्र, असं प्राप्तिकर विभागाने ठरवलं. वाचकांच्या वाट्याचा नफा सुमारे ३४ लाख, त्यावर कर ७ लाख आणि व्याज धरून डिमांड, म्हणजे विभागाची भरणा-मागणी, १८ लाखांची. त्यातले २० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार भरून ते अपिलात गेले. पहिलं अपील ऐकणाऱ्या कमिशनर अपील यांच्यापुढे हरले आणि आता पुण्याच्या ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणातही हरले. आदेश हातात पडून सात आठवडे झाले. थोरले भाऊ म्हणतात, रस्त्याने अंतर सव्वासात किलोमीटर आहे, मुंबई हायकोर्टाचा निकालच आपल्या बाजूने आहे, निम्मा खर्च मी करतो, पण जायचंच. पत्नी म्हणतात, आता पुरे. मामा पूर्वी एका कर सल्लागाराकडे कारकून होते. ते सांगतात, ट्रिब्युनलकडे ‘रेफरन्स’ मागा, तेच प्रकरण हायकोर्टाकडे पाठवतील. शेवटी वाचक लिहितात: “वडिलांनी चाळीस वर्षं ऊस पिकवला, त्या जमिनीला हे शेतजमीन म्हणायला तयार नाहीत. गप्प बसलो तर आम्हीच चोर ठरलो. ट्रिब्युनल शेवटी त्यांचंच. खरा न्याय हायकोर्टातच मिळेल ना?”

नमस्कार.

पत्रासोबत ट्रिब्युनलच्या आदेशाची आणि अपिलातल्या मुद्द्यांची प्रत जोडलीत, ते फार बरं केलंत. पुष्कळ जण चार पानी पत्र लिहितात आणि आदेशाबद्दल “आमचं ऐकलंच नाही” एवढंच कळवतात. तुमचा आदेश मी दोनदा वाचला. त्यात एक गोष्ट आहे आणि एक गोष्ट नाही. जी नाही ती जास्त महत्त्वाची आहे, पण तिच्याकडे जाण्याआधी तुमच्या शेवटच्या वाक्यांबद्दल बोलते, कारण खरा सल सातबाऱ्याचा दिसतो.

तुमच्या वडिलांनी तिथे ऊस पिकवला हे कोणीही नाकारलेलं नाही. आदेशात सातबाऱ्याचा उल्लेख आहे, पीकपाहणीचा आहे, कारखान्याच्या ऊसबिलांचाही आहे, आणि त्यातल्या एकाही कागदावर शंका घेतलेली नाही. प्राप्तिकर कायद्याचं म्हणणं निराळं आहे. जमीन कसली जात असली, तरी ती शहराच्या ठरावीक अंतरात असेल तर कायदा तिला भांडवली मालमत्ता धरतो आणि विक्रीच्या नफ्यावर कर लावतो. हे अंतर शहराच्या लोकसंख्येवर ठरतं. दहा हजार ते एक लाख वस्ती असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटर, एक ते दहा लाखांपर्यंत सहा किलोमीटर आणि दहा लाखांच्या वर आठ किलोमीटर. तुमच्या महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या थोडी वर होती, म्हणून तुम्हाला सहा किलोमीटरची पट्टी लागली. पट्टीच्या आतल्या शेतात ऊस असो की हरभरा, या कलमाला फरक पडत नाही. तेव्हा कर भरला म्हणजे आपण चोर ठरलो आणि वडिलांची शेती खोटी ठरली, हे दोन्ही अर्थ तुम्ही काढलेत. आदेशात ते नाहीत.

आता दादांचा मुद्दा. हवाई अंतर मोजायचं की रस्त्याचं, यावर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा २०१५ चा निकाल खरंच आहे आणि तो करदात्याच्या बाजूने आहे. दादांनी तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवला तो हाच असणार. पण तो नीट वाचावा. हवाई अंतराचा नियम २०१३ च्या वित्त कायद्याने आला आणि तो कर निर्धारण वर्ष २०१४-१५ पासून, म्हणजे एप्रिल २०१३ पासूनच्या व्यवहारांना लागू झाला. त्याआधीच्या वर्षांना तो लावता येणार नाही, आधीच्या व्यवहारांत रस्त्यानेच अंतर मोजायचं, असं त्या निकालात म्हटलं आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच वर्षी परिपत्रक काढून हे मान्यही केलं. तुमची विक्री जून २०१४ ची, म्हणजे निर्धारण वर्ष २०१५-१६. मार्च २०१३ पर्यंत जमीन विकली असती तर हा निकाल तुम्हाला दाखवता आला असता. दादांनी निकाल बरोबर शोधला, पण तो तुमच्या वर्षाला लागत नाही. पुलावरून वळसा घालून जाणारा रस्ता सव्वासात किलोमीटरचा आहे हे हायकोर्टात सांगितलंत, तर खंडपीठ पहिल्याच तारखेला कायद्याचं कलम पुढे करेल.

अंतराबाबत एकच गोष्ट तपासण्यासारखी आहे. मोजणी कुठून कुठपर्यंत केली? कायद्यात महापालिकेची हद्द म्हटलं आहे. महापालिकेची इमारत किंवा बसस्थानक नव्हे. तुमच्या आदेशाप्रमाणे मोजणी हद्दीपासूनच झाली आहे आणि तुम्ही स्वतः आणलेला दाखलाही साडेपाचच्या आतलाच आहे. त्यामुळे इथे काही हाती लागेल असं मला वाटत नाही. ज्या वाचकांच्या प्रकरणात निरीक्षकाने मोबाइलवरच्या नकाशावर बोट ठेवून अंतर काढलं आणि त्याची प्रत न देताच आदेश झाला, त्यांनी मात्र हा मुद्दा सोडू नये.

मामांचा सल्ला ऐकून मला जुने दिवस आठवले. त्यांचं चुकलेलं नाही, काळ बदलला आहे. १९६१ च्या कायद्यात कलम २५६ होतं. ट्रिब्युनलच्या आदेशातून कायद्याचा एखादा प्रश्न निघत असेल, तर करदात्याने किंवा विभागाने साठ दिवसांत अर्ज करायचा. मग ट्रिब्युनल प्रकरणाची हकिगत लिहून तो प्रश्न हायकोर्टाकडे मतासाठी पाठवायचं. ट्रिब्युनलने नकार दिला तर हायकोर्टाकडे जाऊन “त्यांना प्रश्न पाठवायला सांगा” अशी विनंती करता यायची. हायकोर्ट मत द्यायचं, ते घेऊन प्रकरण परत खाली यायचं आणि त्या मताबरहुकूम ट्रिब्युनल अंतिम आदेश काढायचं. दोन हायकोर्टांची मतं परस्परविरोधी असतील तर कलम २५७ खाली ट्रिब्युनल थेट सुप्रीम कोर्टाकडे प्रश्न पाठवू शकायचं. या वर-खाली करण्यात वर्षंच्या वर्षं जायची. १ ऑक्टोबर १९९८ पासून ही वाट बंद झाली आणि कलम २६०अ आलं. आता ट्रिब्युनलला विचारायचं नाही, १२० दिवसांत हायकोर्टात थेट अपील करायचं. मामांच्या वेळची एक अट मात्र तशीच आहे, किंबहुना कडक झाली आहे. हायकोर्टात फक्त कायद्याचा प्रश्न चालतो, आणि आता तो ‘महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न’ असावा लागतो.

तुम्ही ज्याला खरा न्याय म्हणता त्याबद्दलची अपेक्षा इथेच थोडी बदलावी लागेल. जमीन कुठे आहे, ऊस होता की नव्हता, पैसे कोणत्या खात्यात गेले, या वस्तुस्थितीवर शेवटचा शब्द ट्रिब्युनलचा असतो. हायकोर्ट साक्षीपुरावा नव्याने तपासत नाही. किमान दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ आधी एवढंच बघतं, की या आदेशातून कायद्याचा असा प्रश्न उभा राहतो का, ज्याचं उत्तर अजून पक्कं झालेलं नाही, किंवा ज्याचं उत्तर ट्रिब्युनलने पक्क्या कायद्याविरुद्ध दिलं आहे. प्रश्न दिसला तर तो शब्दांत मांडून अपील दाखल करून घेतात. नाही दिसला तर अपील तिथेच संपतं. वस्तुस्थितीच्या निष्कर्षालाही हात लागतो, पण तो निष्कर्ष कसल्याही पुराव्याशिवाय काढला असेल, किंवा समोरचा महत्त्वाचा कागद बघितलाच नसेल तर. “निकाल आम्हाला पटला नाही” हे त्यात बसत नाही.

आणि ट्रिब्युनल ‘त्यांचं’ नाही. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण २५ जानेवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि ते अर्थ मंत्रालयाच्या हाताखाली नाही, कायदा मंत्रालयाकडे आहे. करदाते तिथे जिंकत नाहीत असंही नाही. शिवाय तुमच्याएवढ्या रकमेच्या वादात तुम्ही जिंकला असता, तर विभागाला सहसा पुढे जाताच आलं नसतं. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे वादातला कर दोन कोटींच्या वर असल्याशिवाय विभाग हायकोर्टात जात नाही, काही अपवाद सोडून. सुप्रीम कोर्टासाठी ही मर्यादा पाच कोटी आहे. करदात्याला अशी मर्यादा नाही. सात लाखांसाठी तुम्ही जाऊ शकता, विभाग जाऊ शकत नाही. ही सोय आहे, आणि थोडा मोहही आहे.

आता आदेशात जे नाही त्याकडे येते.

तुमच्या अपिलातला पाचवा मुद्दा पुन्हा वाचा. जमीन भांडवली मालमत्ता धरलीच, तर कलम ५४ब ची सवलत द्या, असा तो पर्यायी मुद्दा आहे. मार्च २०१५ मध्ये तुम्ही वाळवा तालुक्यात २२ लाखांची दोन एकर बागायत घेतलीत. पत्रात तुम्ही हे एका ओळीत, कंसात लिहिलं आहे, “(थोडे पैसे तिकडे गुंतवले)”. या सगळ्या प्रकरणात तुमच्या हातातला सर्वांत मोलाचा कागद त्या जमिनीचं खरेदीखत आहे, असं मला वाटतं. ५४ब म्हणतं, की विकलेल्या जमिनीवर आधीची दोन वर्षं तुम्ही किंवा तुमच्या आईवडिलांनी शेती केली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली असेल, तर तेवढ्या रकमेपुरता नफा करमुक्त. नवी जमीन तीन वर्षं विकायची नाही, एवढी अट. आधीची दोन वर्षं शेती होती हे सिद्ध कशाने होणार? त्याच सातबाऱ्याने, त्याच पीकपाहणीने, त्याच ऊसबिलांनी. अंतराच्या वादात हे कागद निरुपयोगी होते. या मुद्द्यात सगळी मदार त्यांच्यावरच आहे.

कमिशनरांनी हा मुद्दा दोन ओळींत फेटाळला, कारण नवी जमीन तुमच्या नावावर नाही, पत्नीच्या नावावर आहे. ट्रिब्युनलच्या आदेशात दुसऱ्या पानावर पाचवा मुद्दा शब्दशः उतरवून घेतला आहे आणि त्यानंतर शेवटच्या पानापर्यंत त्याबद्दल एक अक्षर नाही. तिसऱ्या पानापासून अंतर सुरू होतं, अंतरावरच संपतं आणि ‘अपील फेटाळण्यात येत आहे’ असा शेवट होतो.

मांडलेला मुद्दा न ठरवणं ही रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक आहे आणि तिच्या दुरुस्तीसाठी हायकोर्ट गाठावं लागत नाही. कलम २५४(२) खाली ट्रिब्युनलकडेच अर्ज करायचा. फी ५० रुपये. मुदत, आदेश ज्या महिन्यात झाला त्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिने. इथे आदेशाची तारीख धरायची, तो तुम्हाला कधी मिळाला ती नव्हे. अर्ज आखूड ठेवा. पाचवा मुद्दा मांडला होता, लेखी निवेदनात अमुक पानावर त्याचं समर्थन केलं होतं, पेपरबुकात (ट्रिब्युनलला दिलेल्या कागदांच्या संचात) खरेदीखत अमुक पानावर होतं, आदेशात त्याचा निर्णय राहून गेला, तेवढ्यापुरता आदेश मागे घेऊन या मुद्द्यावर सुनावणी द्यावी. बस. अंतराबद्दलचं रडगाणं त्यात घालू नका. या कलमाखाली ट्रिब्युनल आपल्याच निकालाचा गुणदोषांवर फेरविचार करू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. न ठरलेल्या मुद्द्यासोबत ठरलेला मुद्दाही उकरून काढलात, तर संपूर्ण अर्जच “फेरविचार मागताय” म्हणून बाजूला पडण्याची भीती असते. एक गोष्ट सीएंना आधी विचारा. सुनावणीत पाचवा मुद्दा “आम्ही आग्रह धरत नाही” म्हणून त्यांनी सोडून तर दिला नव्हता ना? आदेशात तशी नोंद नाही, तरी विचारा.

पण एक सावधगिरी. हा अर्ज केला म्हणून हायकोर्टाचे १२० दिवस थांबतात असं धरून चालू नका. आदेश मिळाल्या दिवसापासून ते मोजले जात आहेत आणि तुमचे सात आठवडे गेले. उशीर माफ करण्याचा अधिकार हायकोर्टाला आहे, पण मुदत हातात असताना त्या भरवशावर राहणं शहाणपणाचं नाही. म्हणून आज अर्ज ट्रिब्युनलमध्ये द्या आणि हायकोर्टाच्या अपिलाचा मसुदा तयार ठेवा. शंभराव्या दिवसापर्यंत ट्रिब्युनलकडून काही झालं नाही, तर अपील दाखल करून टाका. त्यातला पहिला प्रश्न असा असेल: मांडलेला पर्यायी मुद्दा न ठरवता अपील फेटाळणं कायद्याला धरून आहे का? ट्रिब्युनलने न ठरवलेला मुद्दा स्वतः ठरवण्याचा अधिकारही २६०अ मध्ये हायकोर्टाला दिलेला आहे, पण अशा वेळी बहुतेकदा प्रकरण परत खाली पाठवलं जातं. समजा ट्रिब्युनलने दुरुस्तीचा अर्जच फेटाळला, तर त्या नकाराविरुद्ध २६०अ चं अपील चालत नाही, रिट याचिका करावी लागते. वकील गाठताना हे तिन्ही रस्ते त्यांच्याशी एकत्र बोला.

आता पत्नीच्या नावाचा प्रश्न. मला वाटतं, हायकोर्टात जाण्याजोगा तुमच्याकडे खरा कायद्याचा प्रश्न असेल तर तो हा आहे. पैसे तुमच्या विक्रीतले, जमीन तुम्हीच कसता, पण वडिलांनी सुनेच्या नावावर करायला सांगितली म्हणून खरेदीखत तिच्या नावे. सवलत मिळेल का? हायकोर्टांचं यावर एकमत नाही. घराच्या खरेदीवरच्या कलम ५४फ मध्ये दिल्ली हायकोर्टाने २०१३ साली पत्नीच्या नावावरच्या घरालाही सवलत मान्य केली. मद्रास हायकोर्टाचं मतही करदात्याला अनुकूल आहे. आपल्या मुंबई हायकोर्टाने मात्र २००८ मध्ये, नागपूर खंडपीठात, दत्तक मुलाच्या नावावर घेतलेल्या घराला ती नाकारली. कमिशनरांनी त्याचाच आधार घेतलेला दिसतो. तुमच्यावर बंधनकारक मुंबईचं मत आहे, दिल्लीचं नाही, हे मी लपवत नाही. पण तिथे मुलगा होता, इथे पत्नी आहे. कलमही वेगळं आहे. त्यामुळे तुमचं प्रकरण त्या निकालापेक्षा निराळं आहे असं चांगल्या वकिलाला मांडता येईल. जिंकालच असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या तारखेला फेकून देता येईल असा हा प्रश्न नाही.

मिळणार काय, तेही आकड्यांत बघू. ३४ लाखांच्या नफ्यातून २२ लाख वजा झाले तर १२ लाख उरतात. कर सात लाखांवरून अडीच लाखांच्या आसपास येतो. व्याज त्याच प्रमाणात उतरतं. ढोबळमानाने १८ लाखांची डिमांड साडेसहा लाखांच्या आत येते आणि त्यातले ३ लाख ६० हजार तुम्ही भरलेले आहेत. म्हणजे वाद साधारण साडेअकरा लाखांचा आहे. वकिलांची फी ठरवताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा आणि मसुदा, दाखल करणं, पहिली सुनावणी, अंतिम सुनावणी असं टप्प्याटप्प्याने लिहून घ्या. “शेवटपर्यंतचे इतके” हा सौदा टाळा. अपील दाखल होऊन पहिल्या सुनावणीलाच वेळ लागतो आणि दाखल करून घेतलेली अपिलं अंतिम सुनावणीसाठी वर्षानुवर्षं थांबतात. सांगली जिल्हा आता मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. ते १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. तुमचं कर अपील नेमकं कुठे नोंदवायचं याची खात्री वकिलांकडून करून घ्या, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या तर वाचल्या.

डिमांडचं घड्याळ दरम्यान चालूच राहतं. हायकोर्टात अपील केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो. उरलेल्या १४ लाख ४० हजारांवर दरमहा एक टक्का, म्हणजे १४ हजार ४०० रुपये व्याज चढतं. आणि भरलेली रक्कम पुढे जिंकल्यावर परत मिळते तेव्हा तिच्यावर महिन्याला अर्धाच टक्का मिळतो. या विषमतेवर कितीही चिडलं तरी नियम हाच आहे. माझा सल्ला असा, की सवलत मिळाली तरी जे भरावंच लागणार आहे, ते उरलेले अडीच-तीन लाख आताच भरून टाका. चलनावर निर्धारण वर्ष आणि डिमांडचा प्रकार बरोबर टाका, नाहीतर पैसे भलत्याच वर्षात जमा होतात आणि ते सोडवायला वेगळी वारी करावी लागते. मग उरलेल्या रकमेसाठी निर्धारण अधिकाऱ्यांकडे हप्ते मागा. आपण होऊन थोडे भरलेल्या माणसाच्या अर्जाकडे जरा बऱ्या नजरेने बघतात. काहीच केलं नाही तर बँकेला नोटीस जाते आणि ते सहसा कार्ड चाललं नाही की कळतं. डिमांड थकल्याचं हे एक टक्क्याचं व्याज खऱ्या अडचणीपोटी कमी करण्याचा अधिकार प्रधान आयुक्तांना आहे. मुळातला कर भरून झाल्यावर तो अर्जही करता येतो.

दंडाची फाइल वेगळी असते हे विसरू नका. उत्पन्न दडवल्याचा दंड वाचलेल्या कराच्या एकपट ते तीनपट असू शकतो आणि ट्रिब्युनलचा आदेश गेला की ती फाइल हलते. नोटीस आली की उत्तर द्या. शेतजमीन करमुक्त आहे अशी प्रामाणिक समजूत होती, सातबारा होता, आणि ५४ब चा मुद्दा अजून ठरलेला नाही, हे त्यात आलं पाहिजे. हायकोर्टाने अपील दाखल करून घेतलं, तर मुद्दा वादाचा होता असं म्हणायला तिथेही आधार मिळतो.

‘विवाद से विश्वास’ या कराचे वाद मिटवण्याच्या सरकारी योजनेबद्दल तुम्ही पत्रात हळहळ व्यक्त केली आहे. २०२४ च्या योजनेत मूळ कर भरून व्याज आणि दंड सुटला असता. तुमचं अपील तेव्हा ट्रिब्युनलमध्ये होतं, म्हणजे तुम्ही पात्र होता. अर्ज करण्याची मुदत ३० एप्रिल २०२५ ला संपली. दादांनी तेव्हा “एक पैसा देणार नाही” म्हटलं, ते झालं. काही सल्लागार आता सांगतील, की हायकोर्टात अपील टाकून ठेवा, पुढची योजना येईल तेव्हा प्रलंबित प्रकरण असलेलं बरं. २०२० मध्ये एक आली, २०२४ मध्ये दुसरी आली, तेव्हा हे अगदीच हवेतलं नाही. तरी केवळ त्या आशेवर महिन्याला १४ हजारांचं व्याज चढू देणं मला पटत नाही.

दादांशी एक बोलणं तुम्हाला करावं लागेल आणि ते सोपं नाही. जमीन दोघांची होती, पण कराच्या दृष्टीने तुम्ही दोन वेगळे करदाते आहात आणि इथून पुढे तुमचे रस्तेही वेगळे आहेत. पुण्यात राहून त्यांनी दुसरी शेतजमीन घेतलेली नाही, त्यामुळे त्यांच्याकडे अंतर सोडून मुद्दा नाही. तुमचा चांगला मुद्दा नेमका तिथून सुरू होतो जिथे जमीन सहा किलोमीटरच्या आत होती हे गृहीत धरलं जातं. एकच वकील, एकच मसुदा आणि निम्मा-निम्मा खर्च असं ठरलं, तर अपील अंतराने भरून जाईल आणि पाचवा मुद्दा पुन्हा शेवटच्या पानावर ढकलला जाईल. एकदा ते झालंच आहे. त्यांना जायचं असेल तर जाऊ द्या, त्यांनी स्वतःच्या पैशाने स्वतंत्र अपील करावं. विक्रीनंतर त्यांनी वेळेत राहतं घर घेतलं असेल, तर ५४फ चा विचार झाला होता का, एवढं त्यांच्या सीएंनी बघावं. खर्चाच्या निम्म्या वाट्याचा आग्रह तुम्ही नम्रपणे नाकारा.

अशाच पायरीवर उभ्या असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. तुमच्याच दुसऱ्या वर्षाच्या प्रकरणात तोच कायद्याचा प्रश्न हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात आधीच पडून असेल, तर कलम १५८अ खाली तसं जाहीर करून दरवर्षी नवं अपील लढवण्याचा खर्च वाचवता येतो. आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, पण जुन्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालणार, तेव्हा कोणी “आता सगळं नव्याने” म्हणालं तर घाबरू नका.

तुमच्या पत्नींना “आता पुरे” वाटणं मी समजू शकते, पण या टप्प्यावर त्यांना बाजूला ठेवून चालणार नाही. ज्या खरेदीखतावर सगळं अवलंबून आहे ते त्यांच्या नावाचं आहे. सीएंकडे जाताना त्यांना सोबत न्या. २०१५ चं खरेदीखत, त्यानंतरचा फेरफार, वाळव्याच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ, विक्रीचे पैसे तुमच्या खात्यातून त्या खरेदीला गेल्याचा बँकेचा उतारा, आणि जुन्या जमिनीची २०१२ ते २०१४ ची ऊसबिलं एवढे कागद एका फाइलीत लावा. बँकेचा इतका जुना उतारा मिळायला वेळ लागतो, त्याचा अर्ज सगळ्यात आधी द्या.